खणाच्या दागिन्यांचं १,८५० रुपयांचं किट: सहा महिने वापरून सांगते

आधीच सांगून टाकते, किटचं नाव लिहीत नाहीये कारण नावाला काही अर्थच नाही. मी घेतलं एका नावानं, माझ्या निपाणीच्या मैत्रिणीनं घेतलं दुसऱ्या नावानं, आणि दोघींच्या घरी आलेला डबा तोच, आतलं पुस्तक तेच, पुस्तकातल्या फोटोतल्या बाईच्या बोटावरची निघालेली नेलपॉलिशसुद्धा तीच. कुठल्यातरी एका गोडाऊनमधून माल निघतो आणि जो तो आपलं स्टिकर चिकटवून विकतो. निळ्या झाकणाचा डबा, वर मोर, आणि "घरच्या घरी ५० दागिने" असं लिहिलेलं दिसलं की समजायचं, हेच ते.

मी बेळगावजवळच्या खानापूरची. सकाळी एका क्लासमध्ये फीचा हिशेब बघते, दोननंतर मोकळी. शिवण येत नाही, हे सांगितलं की इथं बायका दचकतात, पण नाही येत तर नाही येत. हातानं बारीकसारीक करायची आवड मात्र आहे, लहानपणी आजीबरोबर हलव्याचे दागिने केलेत, त्यामुळं वाटलं हे जमेल. किटचे पैसे सासूबाईंचे, म्हणजे कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे. रेशनकार्डावर घरातल्या प्रमुख त्या, त्यामुळं महिन्याचे २,००० त्यांच्या खात्यावर येतात, त्या ते साठवून ठेवतात आणि कुणाला हात लावू देत नाहीत. श्रावणात त्याच म्हणाल्या, "घे की बाई ते एकदाचं, नुसतं मोबाइलमध्ये बघत बसतीस रोज." आता पैसे त्यांचे म्हटल्यावर डबा उघडताना त्या शेजारी मांडी घालून बसणार हे आलंच.

आणि बरं झालं बसल्या. डब्यात खणाचे तीन तुकडे होते, हिरवा, राणी आणि काळा, प्रत्येकी रुमालाएवढा. सासूबाईंनी हिरवा उचलला, उलटा केला आणि खाली टाकला. "ह्यो खण न्हवं. मी चाळीस वर्सं खणाची चोळी घातलो, मला शिकवू नको." मी म्हटलं अहो वर लिहिलंय खण. तर म्हणाल्या उलटं करून बघ.

उलटं केल्यावर कळलं. वरून बुट्टी दिसत होती, मागं नुसता फिका रंग, म्हणजे डिझाइन छापलेलं. खरा खण विणलेला असतो, बुट्टीचे धागे मागच्या बाजूला सुटे सुटे दिसतात, बोट फिरवलं तर लागतात. हा खण आपल्याच कर्नाटकातला, बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डचा, चोळीच्या मापाचा तुकडा घडी घालून विकायची पद्धत पिढ्यान्‌पिढ्याची आहे, आणि इकडं खण-नारळानं ओटी भरतात तो हाच. आता पुण्या-मुंबईत ज्याला बघा तो खणाचे दागिने घालतोय, मागणी वाढली तसे हे छापील तुकडे आले. मी तरी घरी एक धागा जाळून बघितला, किटमधला धागा वितळून काळी गोळी झाली आणि बोटाला चिकटली, म्हणजे सुती-रेशमी नाही, सिंथेटिक. खऱ्या खणातही आता सुती-रेशमाऐवजी दुसरे धागे येतातच, ते मी नाकारत नाही, पण तो निदान विणलेला असतो. छापील कापड चकतीवर ताणलं की डिझाइन भेगाळतं, मधून पांढरं दिसायला लागतं. फोटोत चालून जाईल, हातात घेणाऱ्या बाईला चालत नाही, निदान आमच्या भागात तर नाहीच.

तर खणाला माझे १० पैकी २. ते दोन पण काळ्या तुकड्याचे, तो सरावाला उपयोगी पडला.

५० दागिन्यांचं गणित पण सांगते, हसाल. आत एमडीएफच्या, म्हणजे लाकडाचा भुगा दाबून केलेल्या फळीच्या चकत्या ४८, आणि पेंडंटचे मोठे तुकडे २. म्हणजे एका कानाचं एक आणि दुसऱ्या कानाचं एक असे दोन दागिने मोजलेत. जोड्या होतात २४. मैत्रिणीनं विकणाऱ्यांना मेसेज करून विचारलं तर उत्तर आलं की मॅडम डब्यावर पीस लिहिलंय, जोडी नाही. डब्यावर पीस पण लिहिलेलं नाही, दागिने लिहिलंय, आणि एका कानात डूल घालून कोण फिरतं ओ.

आता चांगलं सांगते, कारण सगळंच वाईट नाही. पकडी. तीन आहेत, एक गोल टोकाची, एक चपट्या टोकाची आणि एक तार तोडायची. तिन्हीला स्प्रिंग आहे, हातात नीट बसतात, आणि सहा महिन्यांत कुठलीच ढिली झाली नाही. ह्या तीन हत्यारांसाठीच मी किटला शिव्या घालत नाही. आमच्या ह्यांनी उद्यमबागमध्ये एका वर्कशॉपात पंधरा वर्षं काढलीत, त्यांनी हातात घेऊन बघितल्या आणि "बऱ्या हायत" म्हणाले, त्यांच्या तोंडून बऱ्या म्हणजे फार झालं.

पुस्तक मात्र बिनकामाचं आहे आणि क्यूआर कोडचा व्हिडिओ हिंदीत, घाईघाईचा. त्यात सगळ्यात महत्त्वाची गोष्टच सांगितलेली नाही म्हणून मी सांगते, कारण माझ्या पहिल्या आठ जोड्या त्यामुळंच तुटल्या. डूल आणि हुक जोडणारी जी बारीक कडी असते, जिला दुकानात जंप रिंग म्हणतात, ती उघडताना दोन्ही टोकं डाव्या-उजव्या बाजूला फाकवायची नाहीत. फाकवली की गोल बिघडतो आणि परत कितीही दाबा, फट राहते, आणि त्या फटीतून डूल कधीतरी रस्त्यात पडतो. दोन पकडींनी कडी धरायची, एक टोक आपल्याकडं आणि दुसरं पलीकडं, दार उघडल्यासारखं वळवायचं. बंद करतानाही तसंच, आणि दोन्ही टोकं एकमेकाला घासून टिक असा आवाज आला पाहिजे. हे मला बेळगावात एका मणीवाल्या काकांनी काउंटरवर उभ्या उभ्या दाखवलं, दीड मिनिट लागलं, आणि त्या दीड मिनिटात जेवढं शिकले तेवढं त्या अख्ख्या व्हिडिओत नव्हतं.

आता हुक. ह्याच्यावर मी जरा जास्त लिहिणार आहे कारण माझा सगळा मनस्ताप इथंच झाला.

किटमध्ये हुकच्या ३० जोड्या येतात, पाकिटावर "जर्मन सिल्व्हर" लिहिलेलं. मला वाटलं वा, चांदी आहे थोडीतरी. जर्मन सिल्व्हरमध्ये चांदीचा कणसुद्धा नसतो, तांबं, जस्त आणि निकेल असतं. रंग चांदीसारखा म्हणून नाव तसं. आणि निकेल हे कित्येक बायकांच्या कानाला सोसत नाही, खाज सुटते, लाल होतं, पाणी येतं. मला स्वतःला काही होत नाही म्हणून मला पत्ताच नव्हता. गणपतीच्या आधी गल्लीत आणि ह्यांच्या ओळखीत मिळून १४ जोड्या विकल्या, १०० रुपयांना एक, आणि मी हवेत. गौरी विसर्जनापर्यंत ५ जोड्या परत. एकीच्या कानाची पाळी सुजली होती, ती काही बोलली नाही, फक्त केस मागं करून तिनं दाखवलं. त्यापेक्षा चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं.

शिवाय तार बारीक. हुकला साधारण २० नंबरची तार लागते, म्हणजे ०.८ मिलिमीटर. किटमधली २२ नंबरची, बोटानं दाबली की सरळ होते. इथं गणित उलटं असतं हे लक्षात ठेवा, नंबर वाढला की तार बारीक होते, मी पहिल्यांदा दुकानात जाऊन जाड पाहिजे म्हणून २४ मागितली आणि काकांनी चष्म्यावरून बघितलं.

त्या पाचही जणींना मी हुक बदलून दिले, फुकट. आता स्टीलचे वापरते, पाकिटावर ३१६ लिहिलेलं बघून घ्यायचे. खरं सांगायचं तर त्या स्टीलमध्येही निकेल असतंच, पण ते धातूत घट्ट बसलेलं असतं, कातडीला फारसं लागत नाही, त्यामुळं बहुतेकींना चालतं. ज्यांना तेही चालत नाही त्यांच्यासाठी ९२.५ चांदीचे हुक, ते मी हुपरीकडच्या एका नातेवाइकाकरवी मागवते, हुपरी म्हणजे चांदीचंच गाव, घरोघरी तेच काम. त्याचे पैसे वेगळे सांगायचे आणि आधी सांगायचे. स्टीलची जोडी मला ४ रुपयांना पडते. चार रुपये! १०० रुपयांच्या वस्तूत चार रुपयांसाठी मी पाच गिऱ्हाइकं घालवत होते. कुणी नवीन सुरू करत असेल तर माझं एवढं ऐका, मोत्यात, खणात, डब्यात कुठंही काटकसर करा, कानात जे जातं त्यात करू नका.

हुकला शून्य. शून्याच्या खाली असतं तर तेही दिलं असतं.

गोंद. किटमध्ये झटपट चिकटणाऱ्या गोंदाच्या चार छोट्या ट्यूबा आहेत. हा गोंद, सायनोॲक्रिलेट म्हणतात त्याला, वाळताना त्याची वाफ आजूबाजूला बसते आणि काळ्या-हिरव्या कापडावर पांढरट डाग पडतो, पीठ सांडल्यासारखा. मोत्यावर पण बसतो. पुसून जात नाही. पुस्तकात ह्याच्याबद्दल चकार शब्द नाही. कापड चकतीवर चिकटवायला साधा पांढरा फेविकॉल पातळ करून ब्रशनं लावायचा, वर जड पुस्तक ठेवायचं आणि रात्रभर विसरायचं. फक्त खानापूरचा पावसाळा म्हणजे माहितीच आहे, जुलै-ऑगस्टमध्ये रात्रभर काय, दोन दिवस लागतात, कपाटात ठेवलेल्या चपलेला बुरशी येते तिथं गोंद काय वाळणार. मी शेवटी मुलाच्या बुटांच्या डब्यातल्या त्या सिलिका जेलच्या पुड्या जमवल्या आणि सगळा माल झाकणाच्या डब्यात त्या पुड्यांबरोबर ठेवला. एमडीएफ ओलं झालं तर फुगतं, कडेनं पापुद्रे सुटतात, म्हणून चकतीची मागची बाजू पण रंगवून बंद करायची, हेही पुस्तकात नाही.

मोती ठीक. प्लास्टिकचे आहेत, हलके आहेत, हलके असल्यानं उलट बरं, कान ओढत नाहीत. दोन पाकिटांतली भोकं इतकी बारीक की पिन जात नव्हती. पैंजणासारखी जी सोनेरी साखळी आहे ती दिवाळीपर्यंत काळी पडली. गळ्यातल्यासाठी गोंड्याची दोरी दिलीय ती छान आहे, ओढून लहानमोठी करता येते, चार होत्या, चारही लगेच संपल्या.

आता खरा प्रश्न, हेच सगळं सुटं घेतलं तर? मी नंतर तेच केलं. खानापूरहून बेळगावला बस, आधार दाखवलं की शून्याचं तिकीट, २०२३ च्या जूनपासून बायकांना शक्ती योजनेत फुकट आहे त्यामुळं बाजाराच्या चकरांचा खर्च नाही. (हे फक्त कर्नाटकातल्या कर्नाटकात, नणंदेकडं महाराष्ट्रातल्या शिनोळीला जायचं तर हद्दीच्या पुढचं तिकीट काढावं लागतं, त्यावरून आमच्या घरात रोज विनोद होतात.) स्टँडवरून चालत खडे बाजार, तिथून गणपत गल्ली, पांगुळ गल्ली, एका दुपारी सगळं होतं. खरा खण मला १८० ला मिळाला, किटमधल्या तीन रुमालांपेक्षा कितीतरी मोठा, वाया जाऊन-येऊन त्यातून लहान चकत्यांच्या शंभरावर गोल निघाले. दुकानदार खण दाखवताना उलटा करून दाखवत नाही, आपणच करायचा. आणि "ब्लाउजला पाहिजे का" विचारलं तर हो म्हणायचं, दागिन्यांसाठी म्हटलं की काहीजण छापीलच काढतात, काय कारण मला माहीत नाही पण दोनदा तसं झालं. तीन पकडी ४२० ला, किटमधल्याएवढ्याच चांगल्या. चकत्या, कड्या, पिना, मोती, हुक असं सगळं धरून मी मोजलं तर २४ नाही, ४० जोड्यांचं सामान पकडींसकट साधारण १,३०० मध्ये बसलं.

मग किट घेऊन चूक केली का? अर्धी. कारण किट आलं नसतं तर कुठली वस्तू लागते हेच मला कळलं नसतं, दुकानात जाऊन "कानातल्याचं सामान द्या" म्हटलं असतं आणि त्यांनी हातात काहीतरी टेकवलं असतं. वस्तू डोळ्यांसमोर आली की तिचं नाव विचारता येतं. पण त्यासाठी १,८५० जास्त आहेत. ८००-९०० ला असतं तर मी काहीच बोलले नसते.

विकण्याबद्दल बऱ्याचजणी विचारतात म्हणून तेही लिहिते. नवरात्रात टिळकवाडीत एका मंडळानं दोन दिवसांचं प्रदर्शन ठेवलेलं, अर्ध्या टेबलाचे १,००० रुपये, दुसऱ्या अर्ध्यावर एक पापड-सांडगेवाली ताई. तिच्याकडं गर्दी आणि माझ्याकडं तिच्या गर्दीतल्या कंटाळलेल्या मुली. पण त्या मुलींनीच घेतलं, आयांनी नाही. पाटी शेजारच्या अक्कांनी लिहून दिली, वर कन्नड खाली मराठी, त्यांचं अक्षर मोत्यासारखं. कन्नडमध्ये कानातल्याला ओले म्हणतात. सासूबाईंनी पाटी मला वाचायला लावली आणि म्हणाल्या, "ओले हायत तर वाळीव की आधी, असं कसं विकतीस." अक्का पोट धरून हसल्या.

भाव करणाऱ्या भेटतातच, "स्वल्प कम्मी माड्री", म्हणजे थोडं कमी करा, हे मराठीतही तितकंच गोड लागतं आणि मी पहिल्या दिवशी सगळ्यांना कमी केलं, संध्याकाळी बघते तर हातात काही उरलंच नाही. दुसऱ्या दिवशी छोट्या चिठ्ठ्या लावल्या, १२० म्हणजे १२०, दोन घेतल्या तर एक साडीपिन फुकट. चिठ्ठी लावली की निम्म्या बायका विचारतच नाहीत, नुसतं स्कॅन करतात. दोन दिवसांत ३१ जोड्या गेल्या. आरसा न्या, हातातला नाही, उभा राहणारा. पहिल्या दिवशी माझ्याकडं नव्हता, बायका मोबाइलचा कॅमेरा उलटा करून बघायच्या आणि मग नको म्हणायच्या.

सगळ्यात सोपं काम संक्रांतीचं झालं. हळदीकुंकवाला वाण लागतं, एकसारखं, स्वस्त, पन्नास-साठ नग. एका ओळखीच्या वैनींनी ६० साडीपिना सांगितल्या, ३५ रुपयांना एक. एकच डिझाइन, एकच रंग, पंक्तीला बसवल्यासारखं एकाच वेळी ६० गोल कापायचे, ६० चिकटवायचे, ६० पिना लावायच्या. एक जोडी डूल करायला मला २५ मिनिटं लागतात, पण ह्या पिनांना नगाला १२ सुद्धा लागली नाहीत. रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू चालतात, म्हणजे ऑर्डर डिसेंबरातच विचारत फिरायची, जानेवारीत उशीर झालेला असतो. किटवाल्यांनी त्या पुस्तकात गळ्यातल्याची दहा डिझाइन देण्यापेक्षा वाणाचं एक दिलं असतं तर जास्त उपयोग होता.

इन्स्टाग्रामवरून माझ्याकडं एकूण ३ ऑर्डर आल्या, बाकी सगळं व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर. सकाळी आठच्या उन्हात गच्चीवर, पाटावर ठेवून फोटो, आणि किंमत फोटोवरच लिहायची नाहीतर "प्राइस?" ला उत्तर देता देता दुपार जाते. शिनोळीच्या नणंदेनं तिच्या ग्रुपवर टाकलं आणि चंदगडकडच्या काही मागण्या आल्या, तेव्हा आमच्या ओळखीच्या सीएंनी थांबवलं. वस्तू विकणाऱ्याला कर्नाटकात वर्षाला ४० लाखांपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही, आपलं तर ४० हजार पण होत नाहीत. पण माल दुसऱ्या राज्यात विकला की नियम वेगळे, हस्तकलेला त्यात काही सवलत आहे पण तिच्या अटी आहेत, त्यामुळं विचारून मग करा म्हणाले. गंमत बघा, शिनोळी बेळगावपासून पंधरा-वीस किलोमीटर, रोज तिकडची माणसं बाजाराला इकडं येतात, पण ते परराज्य, आणि बिदर कुठल्या कुठं, ते आपलं. सध्या नणंदेकडच्या बायका बेळगावला आल्या की इथंच रोख घेऊन जातात.

आणखी एक, उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, करून देतो म्हणून एकानं १,२०० मागितले. ते सरकारी पोर्टलवर फुकट होतं, आधार आणि ओटीपी लागतो, मी पाऊण तासात घरी केलं. कुणीतरी असंही सांगेल की केंद्र सरकारच्या विश्वकर्मा योजनेत हत्यारांसाठी १५,००० मिळतात, त्यात १८ व्यवसाय आहेत, शिंपी आहे, सोनार आहे, कुंभार आहे, खणाचे दागिने नाहीत. शिवणकाम करत असाल तर बघा.

हिशेब लिहूनच टाकते, कारण ज्या त्या रीलमध्ये महिन्याला ३०,००० सांगतात. सहा महिन्यांत विक्री: गणपतीचे १,४००, प्रदर्शनाचे ३,७२०, संक्रांतीचे २,१००, आणि स्टेटसवरून २२ जोड्या १३० नं म्हणजे २,८६०. एकूण १०,०८०. खर्च: किट १,८५०, नंतरचं सुटं सामान १,८००, टेबल १,०००, वाणाचं सामान ६००, पाकिटं-कार्ड-किरकोळ ६३०. एकूण ५,८८०. हातात ४,२००. तास मोजले तर बाजार आणि प्रदर्शन धरून साठाच्या आसपास, म्हणजे तासाला ७० रुपये. ह्यांनी ऐकलं आणि म्हणाले हेल्परला पण ह्यापेक्षा जास्त मिळतात. खरं आहे. पण हेल्परला दुपारी दोन ते चार गच्चीत बसून रेडिओ ऐकत काम करता येत नाही, आणि पुढच्या सहा महिन्यांत किटचे १,८५० खर्चात नाहीत. सासूबाईंचे पैसे दिवाळीत परत केले, त्यांनी मोजून घेतले आणि वर एक जोडी डूल व्याज म्हणून घेतली, राणी रंगाची, खऱ्या खणाची, उलटी करून तपासून.

तर माझ्या मते पकडींना १० पैकी ९, दोरीला ८, मोत्यांना ५, चकत्यांना ६, खणाला २, गोंदाला १, हुकला शून्य, पुस्तकाला आणि व्हिडिओला मिळून १. सगळं मिळून ५ स्टारपैकी २. निपाणीची मैत्रीण ३ म्हणते कारण तिच्या डब्यात हुक जरा जाड आले होते, म्हणजे माल पण दरवेळी एकसारखा नाही. सेलमध्ये हजाराच्या खाली दिसलं तर आणि बेळगाव-कोल्हापूरसारखा बाजार जवळ नसेल तर घ्या, पण हुकचं ३० जोड्यांचं पाकीट उघडू पण नका, आणि गोंद मुलांच्या हाताला लागणार नाही असा ठेवा.

टेराकोटाचं किट कसं आहे असं दोघींनी विचारलंय. ते मी वापरलेलं नाही. आमचं खानापूर मातीचंच गाव, कौलं-मडकी इथली, खादी कमिशनची मातीकामाची संस्था पण इथंच आहे, तेव्हा माती पार्सलनं मागवायची मला तरी लाज वाटेल. चन्नपट्टणचे लाकडी रंगीत मणी मात्र मागवलेत, आले की सांगते. आत्ता थांबते, अनगोळच्या वैनींना शनिवारपर्यंत वीस जोड्या द्यायच्यात आणि स्टीलचे हुक सहाच उरलेत, उद्याची साडेनऊची बस गाठायला पाहिजे.